दुनळीच्या बदल्यात आठ फूट

आमच्या गावात परवान्याच्या बंदुका दोन. एक माझे चुलते माणिकराव यांची, दुसरी संतराममामांची. दोन्ही दुनळी, दोन्ही बारा बोअरच्या, दोन्ही सरकारने पिकांच्या रक्षणासाठी मंजूर केलेल्या. पिकांचं रक्षण गेली तीस वर्षं जुन्या साड्या, सुतळी बॉम्ब आणि वाऱ्यावर वाजणारा तेलाचा डबा हे करतात. बंदुकांना वर्षातून एक दिवस काम असतं. दसऱ्याला पाटावर निजायचं, हळदकुंकू लावून घ्यायचं आणि परत कपाटात जायचं. याशिवाय निवडणूक लागली की ठाण्यात जमा व्हायचं. लोकशाहीशी इतका नियमित संबंध गावातल्या एकाही मतदाराचा नाही.

गाव हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावपासून जीपने पंधरा मिनिटांवर आहे. मी नांदेडहून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून परत आले होते. जिच्यासाठी अभ्यास करत होते ती परीक्षा दुसऱ्यांदा पुढे ढकलली गेली होती, त्यामुळे घरचे मला मोकळी समजत. मोकळ्या माणसाकडे गावात कामं येतात, तसं हे आलं.

झालं असं. सोयाबीन निघाल्यावर संतराममामांना हिंगोलीत हळदीच्या एका खासगी गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी चालून आली. अट अशी की बंदूक स्वतःची हवी, परवाना चालू हवा आणि दोन्ही नळ्या कामाच्या हव्यात. मामांचं वय बावन्न. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना सरीत बसून हळद काढता येत नव्हती. खुर्चीत बसून दाराकडे बघणं मात्र ते कोणाहीपेक्षा चांगलं करू शकत होते, आणि त्याचे महिन्याला अठरा हजार मिळणार होते. अडचण एकच होती. त्यांच्या बंदुकीचा डावा घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर काडतुसावर आपटतो तो भाग, अडकलेला होता. परभणीच्या कारागिराने तो पाहिला आणि इतक्या जुन्या मालाचे भाग आता मिळत नाहीत असं सांगून बंदूक परत दिली. गोदामवाल्यांनी महिनाअखेरीपर्यंत मुदत दिली होती.

तेव्हा नाना, म्हणजे माझे चुलते, मदतीला धावले. नाना मदतीला धावले की समोरच्याने आपल्या जमिनीचा नकाशा आधी बघून घ्यावा. नानांचं रान मामांच्या रानाच्या मागे आहे आणि नुकताच घेतलेला ट्रॅक्टर न्यायला ओढ्याकडून वळसा पडतो. नानांनी सुचवलं की त्यांची चांगली बंदूक मामांनी घ्यावी, मामांची मोडकी त्यांना द्यावी, आणि वरची भर म्हणून पूर्वेच्या बांधाला लागून ट्रॅक्टरपुरती वाट कायमची लिहून द्यावी.

हा सौदा बराबर आहे की नाही, हे ठरवायला मला दोघांनी बोलावलं. नानांना प्रमाणपत्र हवं होतं. मामांच्या बायकोला, सखुमामींना, उत्तर हवं होतं.

"कोमल, तू सायन्स शिकली ना," मामी आमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. "मंग सांग मले, एक बंदूक देऊन एक बंदूक घ्यायची त् जमीन काहून द्यायची?"

मी म्हटलं, बघून सांगते.

बैठक नानांच्या घरासमोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर भरली. पंच म्हणून सोमेश्वर आला होता. सोमेश्वर हा हेडी, म्हणजे बैलांचा दलाल. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात त्याच्या शब्दावर जोड्या विकल्या जातात. बंदूक त्याने आयुष्यात कधी विकली नव्हती, पण गावात किंमत करण्याचा अनुभव असलेला तो एकटाच होता. त्याने दोन्ही बंदुका खोळीतून काढल्या, मागे सरकून डोळे बारीक करून पाहिल्या आणि दोन्हींच्या दस्त्यावर थाप मारली. बैल थाप मारल्यावर काही तरी करतो. बंदुकांनी काही केलं नाही. सोमेश्वर समाधानी दिसला.

"विलायती माल हाये," नाना स्वतःच्या बंदुकीकडे बोट करून म्हणाले. "आमच्या आजानं निजामाच्या तहसीलदाराकडून घेतेली. पोलिस ॲक्शनच्या दोन वर्सं आदी. गोऱ्या सायबाच्या देशातून आलेली."

"आन् माही?" मामांनी विचारलं.

"तुही म्हंजी मोटेची नळी. तुह्या बापानं कुठून उचलली त्यालेच म्हाईत. मी घेऊन राहिलो हेच लई झालं."

सोमेश्वरने एका हातात एक, दुसऱ्या हातात एक अशा बंदुका तोलल्या. "मानिकरावची जड हाये. जड म्हंजी खानदानी."

मी हळदीचा इलेक्ट्रॉनिक काटा मागवला. मामांची बंदूक नव्वद ग्रॅमने जड भरली.

"हं," सोमेश्वर म्हणाला. "म्हंजी मानिकरावची हलकी. हलकी चांगली, खांद्याले तकलीफ न्हाई."

काटा कुठेही झुकला तरी निष्कर्ष जागचा हलत नव्हता. कॉलेजात माझे प्रयोग असे निघाले असते तर मला पैकीच्या पैकी मिळाले असते.

मग सोमेश्वरने खांद्यावरचा टॉवेल काढून आपल्या हातावर टाकला. बैलांचा भाव असाच ठरतो. टॉवेलाखाली बोटं धरायची, तोंडाने आकडा बोलायचा नाही. आधी नानांचा हात आत गेला, मग मामांचा, मग परत नानांचा. सोमेश्वर आभाळाकडे बघत मान हलवत होता. नानांनी बारा फुटांवरून सुरुवात केली होती, हे मला नंतर कळलं. चौथ्या फेरीला तो म्हणाला, "आठ."

"आठ काय?" मामी कडेला उभ्या होत्या. बायकांना खुर्ची मांडली नव्हती.

"आठ फूट, वहिनी. बांधाच्या कडंनं. तुमाले मालूमबी पडनार न्हाई."

"हातभर टॉवेलाखाली माही जमीन चालली आन् मालूम पडनार न्हाई म्हनता. बांधाच्या कडंले माही हीर हाये. हिरीपासून पाइप गेला हाये. टॅक्टरनं पाइप फुटला त् हळदीले पाणी काय बंदुकीनं द्यायचं?"

"पाइप खोल टाका," नाना म्हणाले.

"तुमी टॅक्टर उचलून न्या."

मी मोबाइलवर गुणाकार केला. आठ फूट रुंद, सहाशे वीस फूट लांब, म्हणजे चार हजार नऊशे साठ चौरस फूट. साडेचार गुंठ्यांहून थोडं जास्त. मी तो आकडा मोठ्याने सांगितला. मामांनी मान खाली घातली. अठरा हजार महिना आणि साडेचार गुंठे यांतलं काय मोठं, याचा हिशेब ते तीन आठवडे करत होते आणि तो रोज रात्री वेगळा येत होता, असं मामींनी मला सांगितलं होतं. महिना संपायला नऊ दिवस उरले होते.

"दोन दिस इचार करा," सोमेश्वर म्हणाला. बैलाच्या सौद्यातही तो हेच म्हणतो. दोन दिवसांत गरजवंत माणूस आपोआप खाली उतरतो.

बंदुकांची अदलाबदल म्हणजे काही शेळ्यांची अदलाबदल नव्हे. जिल्ह्याला अर्ज करावा लागतो. तो लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. अर्जाची पोच दाखवली तर गोदामवाले थांबतील, असा मामांचा अंदाज होता. अर्जात दोन्ही शस्त्रांचे क्रमांक हवे होते.

"परवान्यावरून उतरवून घे," नाना म्हणाले.

"बंदुकीवर बघून लिहिते."

"काहून? परवान्यावर हायेच ना. दर नूतनीकरणाले साहेब परवान्यावरूनच उतरवतात. आजवर कोणी चूक काढली न्हाई."

नानांचा परवाना पाहिला. प्रत्येक नूतनीकरणाच्या शिक्क्यापुढे 'प्रत्यक्ष शस्त्र तपासले' असं लिहून सही होती. प्रत्यक्ष परवाना तपासला होता, एवढं मात्र नक्की.

मी बंदूक उलटी केली. क्रमांक असतो तो नळ्यांच्या खालच्या बाजूला, लाकूड लागतं तिथे. तिथे काहीच दिसत नव्हतं. दसऱ्याचं हळदकुंकू, त्यावर तेल, त्यावर पुढच्या दसऱ्याचं हळदकुंकू, असा काळपट पिवळा थर दगडासारखा बसला होता. आमच्या घरात शस्त्राला लावलेलं पुसत नाहीत. ते देवाचं झालेलं असतं. मी कॉलेजातून आणलेली व्हर्नियर कॅलिपर लावली. थराची जाडी दोन पूर्णांक चार मिलिमीटर. भक्तीचं इतकं अचूक माप आमच्या घराण्यात पहिल्यांदाच निघालं असावं.

"नाना, हे काढावं लागेल."

"हात लावू नको."

"क्रमांक चुकला तर अर्ज परत येतो. अर्ज परत आला तर वाट नाही."

नानांनी थोडा वेळ विचार केला. मग उदबत्ती लावली, बंदुकीची माफी मागितली आणि मला रॉकेल आणून दिलं.

अर्ध्या तासाने क्रमांक दिसू लागला. ३०८६२. मी परवाना पाहिला. ४४१७. मी परत घासलं, दारात नेऊन उन्हात वाचलं, मोबाइलने मोठं करून वाचलं. ३०८६२. क्रमांकाशेजारी एका भारतीय कारखान्याचा शिक्का होता आणि साल होतं १९७३. निजामाच्या तहसीलदाराने १९४६ साली, त्र्याहत्तर साली तयार होणारी बंदूक विकली असेल, तर मला माझी पदवी विद्यापीठाला परत करावी लागणार होती.

"बराबर हाये ना नंबर?" नाना आतून ओरडले.

"वाचते आहे," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

तिथून मी मामांकडे गेले. मामींच्या घरात कशालाच थर बसत नाही, त्या चुलीची राख घेऊन सगळं घासतात. मामांच्या बंदुकीवरचा क्रमांक लख्ख होता. ४४१७. बाजूला इंग्रजीत कारखान्याचं नाव आणि गावाचं नाव. ते गाव इंग्लंडात आहे.

"मामा, तुमचा परवाना दाखवता?"

मामांनी ट्रंकेतून परवाना काढला. ३०८६२. मामा दर दसऱ्याला बंदुकीवरचा क्रमांक बघत होते, परवाना ट्रंकेत होता, आणि दोघांची गाठ कधी पडली नव्हती.

मी सगळं दोघांना समजावून सांगितलं.  मामांनी बंदुकीची खोळ उचलून हातात घेतली.

"दोन हजार नऊ," ते म्हणाले. "विधानसभा व्हती. ठाण्यात जमा केल्ती. परत आणली तवा खोळ नवी निघाली. माही तर फाटेली व्हती."

"मग?"

"मले वाटलं, सरकारनं शिवून देली."

"आणि घोडा?"

"तवापासूनच अडकून राहिला. म्हटलं ठाण्यात कोणी खेळलं आसंन."

"तक्रार नाही केली?"

"ठाण्याची तक्रार ठाण्यात करायची व्हय?"

हे मला पटलं. ठाण्याचं नाव मी लिहीत नाही, तेव्हाचे सगळे कधीच बदलून गेले. ठाण्यात बंदुकांना सुतळीने चिठ्ठ्या बांधत. दोन दुनळी बंदुका, दोन चिठ्ठ्या, एकाच गावच्या. पुढचं समजायला भौतिकशास्त्र लागत नाही. आमच्याकडून ती बंदूक जमा करायला आजोबा गेले होते. मधल्या महिन्यात ते वारले आणि परत आणायला नाना गेले. नानांनी तोवर ती बंदूक वर्षातून एकदा, झेंडूच्या हाराखाली पाहिलेली. फाटकी खोळ बघून त्यांनी पोलिसांना शिव्या दिल्या आणि नवीन शिवून घेतली. पुढे पंधरा दसरे दोन्ही घरांनी एकमेकांच्या बंदुकीला मनोभावे कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी बैठक परत भरली. या वेळी मी मामींसाठी खुर्ची आणून ठेवली. दोन्ही बंदुका खाटेवर उलट्या ठेवल्या, दोन्ही परवाने शेजारी उघडले आणि सोमेश्वरला क्रमांक वाचायला सांगितले. त्याने एकेक अंक बोटाने दाखवत वाचले. दुसऱ्यांदा वाचताना त्याचा आवाज बारीक झाला.

"म्हंजी?" नानांनी विचारलं.

"म्हणजे नाना, तुम्ही मामांना त्यांचीच बंदूक आठ फुटाला विकून राहिलात."

मामी हसल्या. हसताना त्यांनी पदर तोंडाला लावला नाही.

नानांनी दोन्ही परवाने हातात घेतले, उलटे करून पाहिले, मागे काही लिहिलंय का ते बघितलं. मग त्यांची नजर मामांच्या बंदुकीवर गेली.

"म्हंजी ही विलायती. ही आमची."

"हो."

तीन आठवडे ज्या वस्तूला ते मोटेची नळी म्हणत होते, तिचा दस्ता ते धोतराच्या सोग्याने पुसू लागले. "लाकूड बघा ना. बघितल्याबराबर कळते. म्या तर पहिल्या दिवशीच म्हणत व्हतो, हिच्यात काही तरी हाये."

"तुमी मोटेची नळी म्हणत व्हते," मामी म्हणाल्या.

"ती तुमच्या घरात जाऊन नळी झाली." नानांनी उजवा घोडा ओढून पाहिला, मग डावा. डावा हलला नाही. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "हा कोणी मोडला?"

नानांनी बंदूक सगळ्यांपुढे धरली.

"आमच्या आजाची विलायती बंदूक. धडधाकट ठाण्यात गेली. संतरामच्या घरी पंधरा वर्सं राहिली, आन् आता डावा घोडा मोडेला. नुकसान कोणाचं? सोमेश्वर, तूच सांग. विलायतीचे भाग आता मिळत न्हाईत."

सोमेश्वरचा हात खांद्यावरच्या टॉवेलाकडे गेला. धंद्याची सवय. "दहा फूट तरी व्हतीन," तो पुटपुटला.

मला खरंच कौतुक वाटलं. पाच मिनिटांपूर्वी नाना दुसऱ्याची वस्तू विकताना सापडले होते, आणि आता त्याच वाटेचा भाव दोन फुटांनी वाढला होता.

"नाना, म्या एकदाबी उडवली न्हाई ती," मामा म्हणाले. "आणली तवापासून तशीच हाये. लेकराची आन."

"आन घेऊन घोडा जुडते का? माह्याकडं कागद हायेत. जमा केली तवाची पावती हाये. आमचे बाबा सगळं लिहून घेत. कोमल, कपाटातली हिरवी फाइल आण."

फाइल आणली. नानांनी घरातला प्रत्येक कागद प्लास्टिकमध्ये बंद करून ठेवला आहे, त्यात माझा पाचवीचा निकालही आहे. दोन हजार नऊची पावती त्यांनी स्वतः शोधून काढली आणि मोठ्या विश्वासाने माझ्या हातात दिली. हवालदाराचं अक्षर त्यांना लागत नव्हतं. लागलं असतं तर ती फाइल हरवली असती.

मी वाचलं, "दुनळी बंदूक एक नग, नंबर चार हजार चारशे सतरा, खोळीसह जमा. डावा घोडा नादुरुस्त." खाली आजोबांची सही होती, मोडीच्या वळणाची.

"परत वाच," नाना म्हणाले.

मी परत वाचलं. घोडा नादुरुस्तच निघाला.

"बाबांनी घाईत सही केली आसंन."

"तुमीच म्हणले ना, बाबा सगळं लिहून घेत," मामी म्हणाल्या.

नाना आत पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ पीत राहिले. तेवढ्यात सोमेश्वर माझ्याकडे वळला. "पोरी, हे ठाण्यात सांगावं लागंन का?"

हाच प्रश्न घेऊन मी रात्रभर कायदा वाचला होता. आपल्या परवान्यावर नसलेली बंदूक घरात ठेवणं हा गुन्हा आहे, म्हणजे कायद्याने पाहिलं तर नाना आणि मामा दोघेही पंधरा वर्षांचे जुने गुन्हेगार. कळवलं तर चौकशी होणार, चौकशी संपेपर्यंत दोन्ही बंदुका जमा राहणार. मला शिकवलं आहे की चूक सापडली की ती तारीख आणि कारणासह नोंदवायची. मी तसं म्हणाले. अर्जाचा कच्चा मसुदाही माझ्या वहीत तयार होता.

"चौकशीले किती दिस लागतीन?" मामांनी विचारलं.

"महिने."

महिना संपायला सात दिवस होते. मामा गुडघा चोळत बसले.

"कोमल," मामी म्हणाल्या, "नोंद करून कोणाचं भलं व्हते, ते सांग आदी. मंग कर."

मी विचार केला. गोदामाचं भलं होत नव्हतं, मामांचं नाही, नानांचं नाही. ठाण्याचं तर अजिबात नाही. फक्त नोंदीचं भलं होत होतं. मी वहीतलं पान फाडलं. मला त्याचा अजून थोडा त्रास होतो.

अर्ज आता लागतच नव्हता. ज्याची बंदूक त्याच्या परवान्यावर आधीपासून होती, फक्त कपाटं चुकली होती. पण नाना बाहेर आले ते नवीन अडचण घेऊन.

"लोकं काय म्हणतीन? तीन आठवडे गावभर सांगून राहिलो, संतरामले माही बंदूक देऊन राहिलो म्हणून. आता काय सांगू, त्याचीच व्हती?"

"तसं सांगितलं तर ठाण्यापर्यंत जाईल," मी म्हटलं.

"तेच म्हणून राहिलो मी." नानांनी खुर्ची पुढे ओढली. "सांगायचं असं. माणिकरावनं मोठं मन केलं. वाट सोडली. एक फूटबी न घेता चांगली बंदूक देली, मोडकी ठेवून घेतली. हे संतरामनं चार लोकांत सांगायचं. ग्रामपंचायतीसमोर. गणपतीत. दसऱ्याले. लग्नकार्यात कोणी इचारलं त्."

"किती वेळा?" मामींनी विचारलं.

"म्हंजी?"

"किती वेळा सांगायचं ते ठरवा. न्हाई त् जनमभर सांगत बसंन हे."

सोमेश्वरला आता आपलं काम दिसलं. त्याने टॉवेल हातावर टाकला. नानांचा हात आत गेला. मामा हात पुढे करणार, तेवढ्यात मामींनी त्यांना बाजूला सारून स्वतःचा हात टॉवेलाखाली घातला. सोमेश्वर चपापला. बाईचा हात त्याच्या टॉवेलाखाली कधी आला नव्हता. पण सौदा सुरू झालेला असला की हेडी हात काढत नाही. तीन फेऱ्या झाल्या. नाना पाचवर होते, मामी एकवर.

"दोन," सोमेश्वर जाहीर करता झाला. "एकदा ग्रामपंचायतीसमोर, एकदा दसऱ्याले."

"आन् वाटेचं परत काढायचं न्हाई. कोमल, लिहून घे."

मी लिहून घेतलं. आमच्या गावात बैलांचे, म्हशींचे आणि एकदा एका वापरलेल्या ट्रॉलीचे भाव टॉवेलाखाली ठरलेले आहेत. स्तुतीचा भाव ठरला तो पहिल्यांदाच. मला विचाराल तर सौदा रास्त होता. मामांना त्यांची स्वतःची वस्तू दोन वाक्यांत मिळाली. नानांना मोठं मन मिळालं, जे त्यांच्याकडे आधी नव्हतं.

ग्रामपंचायतीसमोर कार्यक्रम शुक्रवारी झाला. नानांनी शाल स्वतःच आणली होती. मामांनी ठरलेलं वाक्य म्हटलं, एकदाच, आणि खाली बसले. टाळ्या वाजल्या. नानांनी मग वीस मिनिटं दानधर्मावर भाषण केलं. ते सौद्यात धरलेलं नव्हतं.

सोमवारी मामा खोळ खांद्याला लावून सकाळच्या जीपने हिंगोलीला गेले. दुपारी मी मामींच्याच रानात होते तेव्हा फोन आला. मामींनी तो स्पीकरवर टाकला.

"सायबानं नंबर वाचला," मामा सांगत होते. "बंदुकीवरचा आन् परवान्यावरचा. दोन्ही बाजूबाजूला धरून. मंग घोडे ओढून बघितले. म्हणे, उद्यापासून या."

"बराबर जुळला?"

"व्हय. मी सायबाच्या तोंडाकडंच बघत व्हतो. खुर्ची देली. हाताची हाये."

"पंखा हाये का वर?"

"थांब, बघतो."

ते बघत असताना मामींनी फोन ठेवून दिला आणि मला मोजायची फीत धरायला लावली. विहिरीच्या कठड्यापासून बांधाच्या कडेने आठ फुटांचा पट्टा आम्ही चुन्याने आखला. त्यात त्यांना शेवगा लावायचा होता. मी हिशेब केला, दोन रांगा केल्या तर सावली पडेल, एकच रांग मधोमध घेतली आणि आठ आठ फुटांवर रोप लावलं तर सहाशे वीस फुटांत अठ्ठ्याहत्तर रोपं बसतील.

"आठावर नको, पाचावर लाव," मामी म्हणाल्या. "नानाचा नवीन टॅक्टर बारका हाये, आठाच्या फटीतून निसटंन."